विचारा ताईंना: एक डॉलरवाला कोच आणि तुमची पत्रं

मागच्या अंकात एका उत्तरात मी सहज लिहून गेले की लॉस एंजेलिसच्या यूएससीत, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियात, रॉड डीडो नावाचा माजी खेळाडू बेसबॉल कोच होता, त्याने 45 सीझन कोचिंग केलं आणि पगार घेतला वर्षाला 1 डॉलर. एवढंच. विषय खरं तर निवृत्तीनंतर काय करावं हा होता आणि हे आपलं ओघात आलं. तर त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आणि व्हॉट्सॅप आलेत की संपादक म्हणाले, ताई आता तुम्हीच निस्तरा. म्हणून या महिन्यात फक्त हेच. लोणच्याला बुरशी आणि सोसायटीचं पार्किंग पुढच्या अंकात, नक्की, रागावू नका.

प्रश्न: ताई, माझा भाचा सॅन होजेला असतो. त्याचा मुलगा 19 वर्षांचा आहे, तिकडच्या कॉलेजच्या टीममधे बेसबॉल खेळतो. आता म्हणतोय की प्रो प्लेयर नाही झालो तरी चालेल, मला कॉलेजचा कोच व्हायचंय. भाचा आधीच डोक्याला हात लावून बसलेला, त्यात मी त्याला तुमचं ते एक डॉलरचं वाचून दाखवलं. आता तो रोज रात्री फोन करतो, मावशी हा पोरगा खाणार काय? मी काय सांगू?
– काळजीतली मावशी, डोंबिवली

उत्तर: मावशी, आधी भाच्याला म्हणावं पाणी पी. तो एक डॉलर ही नोकरीची अट नव्हती हो, ती पैसेवाल्या माणसाची हौस होती. डीडोचा ट्रकचा धंदा होता. 500 डॉलर घालून सुरू केला आणि वाढवत वाढवत चांगला मोठा केला, आपल्याकडे कोणी एक टेम्पो घेतो आणि वीस वर्षांनी त्याच्या नावाचं गोडाऊन दिसतं हायवेला, तसं. सकाळी ऑफिस, दुपारी ग्राउंड, असं त्याचं चालायचं. पोट ट्रकवर होतं त्यामुळे कॉलेजकडे पगारासाठी तोंड वेंगाडायची वेळ कधी आलीच नाही, आणि मला वाटतं त्याच्या कोचिंगमधे जो मोकळेपणा होता ना तो बराचसा यातूनच आला असणार. ज्याला काढून टाकायची भीती नाही तो पोरांवर उगाच ओरडत नाही.

मेजर लीगच्या, म्हणजे तिकडच्या सगळ्यात वरच्या प्रो लीगच्या, टीम्सनी त्याला विचारलेलं, एकदा नाही अनेकदा, पण हा गेला नाही. लोकांना हे फार थोर वाटतं. मला विचाराल तर तेवढंही थोर नाहीये, घर तिथे, धंदा तिथे, टीम तिथे, जिंकतोय, कशाला जाईल तो सूटकेस घेऊन हॉटेलात राहायला.

आता तुमच्या पणभाच्याचं, की काय नातं लागतं ते. आजचा हिशोब पूर्ण वेगळा आहे. मोठ्या कॉलेजांचे हेड कोच आता भरपूर कमावतात, टीव्हीचा पैसा आलाय. पण ते झालं शिखर. खालून चढताना दम निघतो. पोरगा डिग्री करेल, मग कुठेतरी ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणून लागेल, म्हणजे पुढची डिग्री करता करता नेट बांधायची, बॉलच्या बादल्या उचलायच्या, व्हिडिओ कापायचे. बेसबॉलमधे तर 2023 पर्यंत व्हॉलंटियर कोच नावाची पोस्टच होती, काम सगळं फुल टाइम आणि कॉलेजकडून पगार शून्य, लोक उन्हाळी कॅम्प घेऊन, प्रायव्हेट कोचिंग करून भाडं भरायचे. जुलै 2023 पासून नियम बदलला आणि त्या माणसालाही पगार देता येतो. त्यामुळे भाच्याला सांगा की अवस्था आता जरा तरी बरी आहे. आणि दर दोन तीन वर्षांनी गाव बदलायची तयारी ठेव म्हणावं, आज टेक्सास, उद्या ओहायो. लग्नाचं बघताना हे मुलीकडच्यांना आधीच सांगितलेलं बरं, असं आपलं माझं मत.

एक ताजी गोष्ट मात्र त्याला मुद्दाम सांगा. टोनी व्हिटेलो म्हणून आहे, मिझुरी युनिव्हर्सिटीकडून खेळायचा, प्रो कधीच खेळला नाही. तिथेच खालच्या पायरीवर कोचिंग सुरू केलं, मग टेक्सास ख्रिश्चन युनिव्हर्सिटी, आर्कान्सा असं करत टेनेसीचा हेड कोच झाला, 2024 ला नॅशनल टायटल जिंकून दिलं आणि 2025 च्या ऑक्टोबरमधे सॅन फ्रान्सिस्को जायंट्सने त्याला थेट मॅनेजर केलं. बेसबॉलमधे मेजर लीगच्या हेड कोचला मॅनेजर म्हणतात. जायंट्स म्हणजे भाच्याच्या घरापासून गाडीने तासाभरावर. तेवढं ऐकून तरी तो झोपेल.

प्रश्न: नमस्कार. मी बँकेतून रिटायर झालो, आयुष्यभर क्रिकेट पाहिले. तुम्ही डीडो यांना माजी खेळाडू म्हणता. मी नातवाकडून माहिती काढली तेव्हा कळले की हे गृहस्थ मेजर लीगमध्ये एकूण दोन मॅच खेळले. दोन! याला माजी खेळाडू म्हणायचे का? मग आम्हीही बँकेच्या टीमकडून खेळलो आहोत.
– एक काका, कोल्हापूर

उत्तर: काका, तुम्ही खेळलात ना, मग तुम्हीही माजी खेळाडूच. पण पुरं ऐका तरी.

पहिलं नाव. स्पेलिंग बघून आपण डेडॉक्स म्हणू, उच्चार डीडो. मूळ नाव राउल, जन्म 1914, न्यू ऑर्लिन्सचा, म्हणून हे फ्रेंच वळण. शिकला हॉलिवूड हायस्कूलमधे, मग यूएससी. तिथे तीन वर्षं शॉर्टस्टॉप खेळला, शेवटच्या वर्षी कॅप्टन. शॉर्टस्टॉप म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभा असतो तो, उजव्या हाताच्या बॅटरचा जोरात मारलेला फटका बहुतेक याच्याकडेच येतो. आपल्या पॉइंट आणि कव्हरची मिळून एकच जागा केली आणि वर थ्रो दीडपट लांब केला तर कसं होईल तसं काहीतरी. ढिला माणूस तिथे उभाच करत नाहीत.

1935 साली ब्रुकलिन डॉजर्सने घेतला. डॉजर्स तेव्हा न्यूयॉर्कला होते, लॉस एंजेलिसला 1958 मधे आले. टीमचा मॅनेजर होता केसी स्टेंगल, पुढे न्यूयॉर्क यांकीज बरोबर सात वर्ल्ड सीरिज, म्हणजे मेजर लीगच्या फायनल, जिंकणारा, आणि हा स्टेंगल राहायचा ग्लेंडेलला, म्हणजे डीडोच्याच भागात. त्याने पोराला हेरलं. सप्टेंबरच्या शेवटी सीझन संपता संपता दोन मॅचेस मिळाल्या, चार वेळा बॅटिंग, एक हिट, एक रन आणून दिला. सरासरी .250. म्हणजे कागदावर मेजर लीगचा प्लेयर, आणि करिअर संपलेलं, वय 21. पुढे मायनर लीगमधे खेळताना पाठीला जबर दुखापत झाली आणि विषयच मिटला. मग ट्रक.

आणि गंमत अशी की कोचची खुर्ची पण त्याला कोणी इंटरव्ह्यू घेऊन दिलेली नाही. यूएससीचा कोच होता सॅम बॅरी, डीडोचा स्वतःचाच कोच, तो 1942 साली युद्धात नेव्हीत गेला आणि जाताना टीम याच्या ताब्यात देऊन गेला. तात्पुरती. बॅरी परत आल्यावर दोघं मिळून कोच होते, 1950 ला बॅरी गेला आणि मग डीडो एकटा, थेट 1986 पर्यंत. तात्पुरतं म्हणून ठेवलेलं आपल्याकडे पण असंच टिकतं म्हणा.

तुम्ही क्रिकेटवाले म्हणून सांगते, आपल्या रमाकांत आचरेकर सरांची फर्स्ट क्लास मॅच किती? एक. 1963-64 च्या सुमाराला स्टेट बँकेकडून, हैदराबादला. आणि शिवाजी पार्कला सरांनी स्टंपवर ठेवलेलं रुपयाचं नाणं, दिवसभर आउट झाला नाही तर सचिनचं, ते तर तुम्हाला पाठच असेल. मी दोघांची तुलना करत नाहीये, खेळ वेगळा, पैशाची परिस्थिती तर फारच वेगळी. पण मॅचेस मोजून कोच मोजायचा झाला तर आपल्यालाच पंचाईत होईल, एवढंच. आणि काका, तुमची पण स्टेट बँकच का? नक्की कळवा.

प्रश्न: मी शाळेत पीटी शिक्षक आहे, आमच्याकडे सॉफ्टबॉलची टीम आहे. मुलं चांगली आहेत पण मॅचमध्ये साध्या चुका करतात, बेस सोडून धावतात, सिग्नल विसरतात. हे डीडो सर नेमकं शिकवायचे काय? काही उपयोगी सांगा, नुसतं किती कप जिंकले ते नको.
– एक शिक्षक, नाशिक

उत्तर: सर, कप किती ते एका वाक्यात उरकते कारण त्याशिवाय पुढचं पटणार नाही. 11 नॅशनल टायटल्स, पहिलं 1948 ला बॅरीबरोबर, शेवटचं 1978 ला, आणि मधे 1970 ते 1974 ओळीने पाच. ओळीने पाच सोडा, दुसऱ्या कुठल्याही कॉलेजला आजवर ओळीने तीनसुद्धा जमलेली नाहीत. झालं.

आता शिकवायचा काय. त्याचं एक म्हणणं प्रसिद्ध आहे. आपण म्हणतो एकच चूक दोनदा करू नका. तो म्हणायचा एकच चूक एकदाही करू नका. आधी मला हा जोक वाटला, पण तो खरंच तसं वागायचा. हातातून बॉल सुटला, थ्रो वाइड गेला, त्याला तो काही म्हणायचा नाही, शरीर आहे, चुकतं. पण डोक्याची चूक, म्हणजे आउट किती झालेत विसरलास, कुठल्या बेसला टाकायचा ते आधी ठरवलं नव्हतंस, सिग्नल बघितलाच नाहीस, याला दंड. मॅच नंतर पोरांचंच कोर्ट भरायचं, आरोप, सुनावणी, हशा, चिल्लर दंड वसूल. म्हणजे चूक सगळ्यांसमोर यायची पण हसत हसत, रडवून नाही. ही फोड मला फार महत्त्वाची वाटते सर, हाताची चूक वेगळी आणि डोक्याची वेगळी. आपल्याकडे कॅच सुटला की आईबहीण आणि रनआउट करवला की जाऊदे रे, बरोबर उलटं.

दुसरं, तो सगळ्यांना टायगर म्हणायचा. प्लेयर टायगर, पत्रकार टायगर, हॉटेलातला वेटर पण टायगर. दोन हजार पोरांची नावं लक्षात ठेवायचा त्रास वाचला असेल तो वेगळाच. तुमच्या शाळेत वाघ करून बघा, एक आठवडा तरी चालेल.

तिसरं मी स्वतः पाहिलंय, त्याच्या ग्राउंडवर नाही, पुतणीकडे चार महिने राहायला गेले होते तेव्हा घराजवळच्या एका छोट्या कॉलेजच्या ग्राउंडवर रोज संध्याकाळी जाऊन बसायचे, बाकी काय काम होतं मला. तिथला कोच फंगो मारायचा. फंगो बॅट म्हणजे नेहमीच्या बॅटपेक्षा लांब, बारीक आणि हलकी, मॅचमधे चालत नाही, फक्त प्रॅक्टिसला. हा माणूस डाव्या हाताने बॉल किंचित वर सोडायचा आणि त्याच हाताने परत बॅट धरून टक्, बॉल सरपटत शॉर्टस्टॉपच्या बरोबर डाव्या बुटाशी. परत टक्, आता उजव्या. मग एक मुद्दाम आखूड, पळत पुढे यायला लावणारा. तोंडात सूर्यफुलाच्या बिया, सालं थुंकतोय, बोलत काहीच नाही, आणि प्रत्येक बॉलच्या आधी नुसतं एक बोट किंवा दोन बोटं वर. मला आधी कळेना हे काय, मग लक्षात आलं की तो आउट किती झालेत ते सांगतोय, त्यावरून पोराने ठरवायचं की बॉल पहिल्या बेसला टाकायचा का दुसऱ्याला. मी मोजले एकदा, एका पोराला सलग 60 बॉल, आणि प्रत्येक वेळी बोटं. एकदा पोराने झकास पकडला आणि चुकीच्या बेसला टाकला तर कोचने बॅट खाली ठेवली, खिशातून बिया काढल्या, तोंडात टाकल्या, आणि तोच बॉल, तेवढाच जोर, तीच बोटं. एक शब्द नाही. तुमच्या मुलांना हे करून बघा, फंगो बॅट नसेल तर जुनी हलकी सॉफ्टबॉलची बॅट घ्या, काम होतं.

आणि एक मॅच सांगितल्याशिवाय सोडवत नाही. 1973, ओमाहा, कॉलेज वर्ल्ड सीरिजची (म्हणजे नॅशनल टायटलची शेवटची स्पर्धा, ती ओमाहालाच होते) सेमीफायनल, समोर मिनेसोटा. त्यांचा पिचर, म्हणजे आपला बॉलर, डेव्ह विनफील्ड, सहा फूट सहा इंच, याला पुढे बेसबॉल, बास्केटबॉल आणि फुटबॉल तिन्हीकडच्या प्रो टीम्सनी ड्राफ्ट केला, म्हणजे आपल्याकडे घ्यायला निवडला, एवढा अचाट. आठ इनिंग्ज त्याने यूएससीला एक रन करू दिला नाही, पंधरा जणांना स्ट्राइक आउट केलं. स्कोअर 7-0. राहिली फक्त नववी इनिंग. क्रिकेटमधे म्हणजे शेवटच्या ओव्हरला चाळीस हवेत असं समजा. आणि यूएससीने त्या एका इनिंगमधे आठ रन काढले, 8-7, मॅच संपली. सिक्सरवर सिक्सर मारून नाही, एक एक करत, बेसवर जात, समोरच्याच्या चुकीची वाट बघत. टीममधे फ्रेड लिन होता, जो दोनच वर्षांनी मेजर लीगमधे रूकी ऑफ द इयर (सर्वोत्तम नवखा) आणि एमव्हीपी (सर्वात मोलाचा खेळाडू) एकाच सीझनमधे झाला. पण मला त्यात डीडोची दंडाची पेटी दिसते. सात रनने मागे असताना पण आउट किती झालेत हे ज्यांना आठवत होतं अशी पोरं.

प्रश्न: ताई मी पुण्यात सॉफ्टबॉल खेळते, युनिव्हर्सिटी लेव्हल. मला हे कळत नाही की अमेरिकेत एवढा चांगला प्लेयर असेल तर तो कॉलेजला जातोच कशाला, सरळ प्रो का नाही होत? आणि कॉलेज त्यांना फुकट शिकवतं ना?
– शॉर्टस्टॉपच खेळणारी एक, पुणे

उत्तर: शॉर्टस्टॉप! वा. मग वरचं फंगोचं तुला वेगळं सांगायला नको.

बघ, नियम असा आहे की बारावी झाली की ड्राफ्टमधे नाव लागू शकतं. तेव्हा सही केली तर प्रो. नाही केली आणि चार वर्षांच्या कॉलेजला गेलास की तिसरं वर्ष संपेपर्यंत किंवा 21 वर्षांचा होईपर्यंत थांब. म्हणजे कोचचं दुखणं समज, दोन वर्षं मागे लागून, घरी जाऊन आईच्या हातचं खाऊन एक पिचर पटवला, आणि जुलैत त्याला कुठल्यातरी क्लबने पैसे दिले, गेला. परत पहिल्यापासून.

फुकटचं म्हणशील तर तो एक मोठा गैरसमज आहे आणि तिकडच्या आपल्या बऱ्याच आईबापांचा पण आहे. कालपरवापर्यंत पहिल्या डिव्हिजनच्या बेसबॉल टीमला मिळून स्कॉलरशिप किती, 11.7. पूर्णांक पण नाही! आणि ते वाटायचे जवळपास तीस जणांत. कोणाला पन्नास टक्के, कोणाला पंचवीस, बाकी बापाच्या खिशातून. निम्मं कोचिंग आणि निम्मं वाण्याचं दुकान, इतके ग्रॅम याला इतके त्याला. 2025-26 पासून कोर्टाच्या सेटलमेंटनंतर हे बदललं, ज्या कॉलेजांनी ती मान्य केली त्यांना टीम 34 जणांची आणि स्कॉलरशिप हवी तेवढ्यांना देता येते, अर्थात पैसे असतील तर.

डीडोच्या काळातला एक किस्सा ऐक. फ्रेस्नोचा एक पोरगा, टॉम सीव्हर, ज्युनियर कॉलेजमधे पिचिंग करत होता. डीडोला आवडला पण स्कॉलरशिप द्यायची तर खात्री हवी. म्हणून काय केलं, 1964 च्या उन्हाळ्यात त्याला पाठवला अलास्काला, फेअरबँक्सच्या गोल्डपॅनर्स टीमकडे. तिथे 21 जूनच्या आसपास रात्री दहा-साडेदहाला दिवे न लावता मॅच खेळतात, सूर्य मावळतच नाही धड. तिथे चमकलास तर स्कॉलरशिप. चमकला, मिळाली, 1965 ला यूएससीकडून 10 जिंकल्या 2 हरला. मग 1966 च्या फेब्रुवारीत अटलांटा ब्रेव्ज्शी त्याने करार केला आणि इथे घोळ झाला, कारण तोवर यूएससीचा सीझन सुरू झाला होता, दोन एक्झिबिशन मॅचेस झाल्या होत्या, भले सीव्हर त्यात खेळला नसेल. बेसबॉलच्या कमिशनरने करार रद्द केला. बरं मग परत कॉलेजला, तर कॉलेजवाले म्हणाले तू प्रो करारावर सही केलीस, आता आमच्याकडे चालणार नाही. ना घर का ना घाट का. शेवटी कमिशनरने चिठ्ठ्या टाकल्या, तीन टीम्स तयार होत्या, न्यूयॉर्क मेट्सची चिठ्ठी निघाली. त्या चिठ्ठीतून निघालेला पोरगा 311 मॅचेस जिंकून हॉल ऑफ फेममधे गेला. मी आईवडिलांना हे मुद्दाम सांगते, सही करायच्या आधी कॅलेंडर बघा.

तुझ्यासाठी अजून एक. मार्क मग्वायर यूएससीला आला तो पिचर म्हणून. नंतर बॅट हातात दिली आणि 1984 च्या एका सीझनमधे 32 होमरन, म्हणजे आपले सिक्सर, मारले. त्यामुळे आज शॉर्टस्टॉप आहेस म्हणजे उद्या तिथेच असशील असं धरून चालू नकोस. हां, मग्वायरचं पुढचं स्टेरॉइडचं प्रकरण सगळ्यांना माहीत आहे, ते अनुकरण नको.

प्रश्न: सर्वात जास्त मॅचेस जिंकलेला कॉलेज कोच डीडोच का? आमच्या ग्रुपमध्ये पैज लागली आहे, मिसळीची.
– पाच मित्र, सातारा

उत्तर: नाही. हरलात का जिंकलात ते तुम्ही ठरवा. डीडो 1,332 वर थांबला तेव्हा तोच पहिला होता. मग टेक्सासच्या क्लिफ गुस्टाफसनने मागे टाकलं, मग ऑगी गारिडोने, तो 1,975 पर्यंत गेला, आणि त्याच्याही पुढे फ्लोरिडा स्टेटचा माइक मार्टिन, 40 सीझन एकाच कॉलेजात, 2019 ला थांबला तेव्हा 2,029. मार्टिनसुद्धा फ्लोरिडा स्टेटचाच माजी प्लेयर. पण त्या माणसाचं दुर्दैव बघा, 17 वेळा टीम ओमाहाला घेऊन गेला, नॅशनल टायटल एकदाही नाही. सतरा वेळा! आपल्याकडे असता तर लोकांनी पनौती म्हणून काढला असता, तिकडे त्याच्या नावाने स्टेडियमचं मैदान आहे. माझा जीव डीडोपेक्षा याच्यात जास्त अडकतो, खरं सांगू का. मिसळ खाताना एक वाटी माझ्या नावाने.

आणि पैजेसाठी आणखी एक घ्या. यूएससीचं डीडोनंतरचं टायटल 1998 चं, कोच माइक गिलेस्पी. हा 1961 ला डीडोच्याच टीममधून प्लेयर म्हणून जिंकलेला. फायनलचा स्कोअर 21-14. बेसबॉलमधे असा स्कोअर म्हणजे बॉलर्सची कत्तल.

प्रश्न: जॉर्ज बुश (थोरले) बेसबॉल खेळायचे असं ऐकलं, खरं का? त्याचा या कोचशी काही संबंध?
– नाव नको, बेळगाव

उत्तर: खरं आणि संबंध आहे. 1948 ची फायनल, यूएससी विरुद्ध येल, कलामझू गावात, तेव्हा स्पर्धा ओमाहाला नसायची. येलचा कॅप्टन आणि फर्स्ट बेसमन जॉर्ज बुश. तीन मॅचची सीरिज. पहिल्या मॅचच्या शेवटी येलचे तिन्ही बेस भरलेले, आउट कोणी नाही, बुश पुढचा नंबर म्हणून बॅट घेऊन तयार, आणि एकाच फटक्यावर तीन जण आउट. ट्रिपल प्ले. मॅच खलास, बुश तसाच उभा. सीरिज 2-1 ने यूएससीची, डीडोचं पहिलं टायटल. पुढे राष्ट्राध्यक्ष झाला तरी हे त्याच्या डोक्यातून गेलं नसणार. मला तरी आठवीतली हुकलेली रिले अजून आठवते.

प्रश्न: कोण कुठला अमेरिकन कोच. मराठी मासिकात जागा कमी आहे का? आपला काय संबंध?
– एक नाराज वर्गणीदार, नागपूर

उत्तर: साहेब, राग मान्य, वर्गणी भरलीत त्याबद्दल आभार. संबंध सांगते.

एक, 1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमधे अमेरिकेच्या बेसबॉल टीमचा कोच डीडो होता, 1964 ला टोकियोला पण तोच घेऊन गेलेला, दोन्ही वेळा प्रदर्शनी खेळ. 1984 ची फायनल डॉजर स्टेडियमला, टीममधे मग्वायर, विल क्लार्क, बॅरी लार्किन असले दादा लोक, आणि जपानने 6-3 ने हरवलं. आपल्याच गावात. जपानी कॉलेज टीम्सबरोबर सीरिज सुरू करून द्यायला हाच पुढे होता, म्हणजे शिष्य गुरूला भारी पडले म्हणा. आता 2028 ला ऑलिंपिक परत लॉस एंजेलिसला, बेसबॉल परत डॉजर स्टेडियमला, आणि जवळच पोमोनाला आपलं क्रिकेट, 1900 नंतर पहिल्यांदा. तेव्हा रात्रभर जागणार आहात ना? मग शेजारचा खेळ थोडा माहीत असू दे.

दोन, डीडोकडे यूएससीत एक डावखुरा पिचर होता, टॉम हाउस. हा पुढे ब्रेव्ज्कडून खेळला आणि 8 एप्रिल 1974 ला हँक एरनने बेब रूथचा विक्रम मोडणारा 715 वा होमरन मारला तो बॉल याने पिचर्सच्या कोपऱ्यात उभं राहून झेलला. मग कोच झाला, पिचिंगचा अगदी मास्तर. 2008 साली भारतात रिॲलिटी शोमधून फास्ट थ्रो करणारी दोन पोरं शोधली, रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, दोघं उत्तर प्रदेशची, भाला फेकणारी, बेसबॉल हातात धरलेला नव्हता. त्यांना शिकवायला दिलं या टॉम हाउसकडे, आणि कुठे, तर यूएससीत. त्याच नोव्हेंबरमधे दोघांना पिट्सबर्ग पायरेट्सने करारावर घेतलं. मेजर लीगपर्यंत कोणी पोचलं नाही, पण रिंकू मायनर लीगमधे बरीच वर्षं टिकला, मग हाताच्या दुखापतीने खेळ सुटला, आणि मग तो काय झाला माहितीये का, डब्ल्यूडब्ल्यूईमधला वीर महान, कपाळाला त्रिपुंड्र लावून यायचा तो. तुमच्या घरातल्या पोरांना विचारा, ओळखतील.

आणि कोलकाता नाइट रायडर्सचा रिंकू सिंग तो वेगळा. त्यावरून प्लीज आता आणखी पत्रं नकोत.